टकल्या गोगलगायीचं आडनाव

संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा सांभाळणाऱ्या माणसाला दारावरचा पहारेकरीसुद्धा उठून सलाम ठोकतो. वाघाच्या कातड्यात भुसा भरणाऱ्याला कँटीनमध्ये आधी चहा मिळतो. फुलपाखरंवाल्याचं तर विचारूच नका. शाळेची सहल आली की तो नवरदेवासारखा मिरवतो. आणि तळघरात, बॉयलरच्या खोलीशेजारी, जिथे भिंतीला बारा महिने ओल असते, तिथे बसणाऱ्या बाईंना तोच पहारेकरी इतक्या वर्षांनंतर विचारतो, "तुम्ही आमच्याकडेच असता का?"

या बाईंना सगळे चिकटबाई म्हणत. त्यांचे प्राणी चिकट, कामाची पद्धत चिकट, आणि एकदा मिळालेली खुर्ची त्यांनी कधी सोडली नाही म्हणून त्याही चिकट. तिन्ही आरोप खरे होते, त्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही.

त्यांचा विषय थंड समुद्रातल्या गोगलगायी. त्याही बिनशंखाच्या. ना हाडं, ना वेग, ना माणसाला काडीचा उपयोग. चावत नाहीत, त्यामुळे कुणी घाबरत नाही. खाता येत नाहीत, त्यामुळे कुणी विचारत नाही. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नवराही असते आणि बायकोही, त्यामुळे सासर नावाची भानगडच नाही, एवढी एक गोष्ट सांगितली की पार्टीत लोक हसायचे, आणि मग देवमाशावाल्याकडे वळायचे. आतून लबाड असलेल्या माणसाला आपण 'गोगलगाय, पोटात पाय' म्हणतो, त्याचा चिकटबाईंना फार राग. पाय पोटालाच असतो, त्यात लबाडी कसली? बिचारीने तो लपवलाय असं कोण म्हणतं?

हाच विषय का निवडला, असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "बाकीचे संपले होते." खरं कारण असं की विद्यार्थिनी असताना त्यांनी बर्फगार पाण्याच्या टाकीत एक गोगलगाय चालताना पाहिली. पाठभर झिरमिळ्या, जुन्या पडद्याच्या कडेला असतात तशा, आणि त्या झिरमिळ्या पाण्यात सावकाश हलतायत. अर्धा दिवस त्या टाकीपासून हलल्या नाहीत. प्रेमात पडायला लोकांना काहीही पुरतं.

वर्गीकरण म्हणजे काय, हे त्या एका दमात सांगायच्या. कुल म्हणजे घर. घरातल्या खोल्या म्हणजे प्रजाती. खोल्यांत राहणारी माणसं म्हणजे जाती. कोण कुठल्या घरात, कुठल्या खोलीत, हे ठरवायचं आणि दारावर पाटी लावायची. एवढ्यासाठी लोक आयुष्य घालवतात, आणि एकमेकांच्या पाट्या उखडण्यात उरलेलं.

चिकटबाईंनीही एक घर बांधलं होतं. छोटंसं, दोन खोल्यांचं. पहिल्या खोलीत झिरमिळ्यांवाल्या गोगलगायी, ज्यांचं नाव कुणा दाढीवाल्या साहेबाने फार पूर्वी ठेवलेलं. दुसऱ्या खोलीत टकली. तिचं तोंड झिरमिळीवालीसारखं, दात तसेच, आतडी तशीच, पाठ मात्र घासून पुसून गुळगुळीत. साऱ्या जगात तिचा एकच नमुना, तोही चिकटबाईंच्या मागच्या फळीवर, काचेच्या बरणीत. या दोघींना दुसऱ्या कुठल्या घरात घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून चिकटबाईंनी हे नवं कुल मांडलं आणि ते विद्वानांनी मान्यही केलं. त्यांच्या आयुष्यातलं मोठं म्हणता येईल असं हे एकच काम. बाकी सगळं बरण्यांतलं स्पिरिट बदलणं.

टकली सापडली तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. धक्क्यावरच्या एका कोळ्याने निरोप पाठवला की जाळ्यात काहीतरी बुळबुळीत आलंय, तुमच्यापैकी वाटतंय. चिकटबाई धावत गेल्या. बादलीत अर्धा चिखल, अर्धं पाणी आणि त्यात अंग आखडून बसलेला एक गोळा. सुटीमुळे संग्रहालय बंद, म्हणून बादली बसमधून मांडीवर घेऊन घरी आणली, बाल्कनीतल्या थंडीत ठेवली आणि वारा लागून आलेला ताप घेऊन त्या झोपल्या. सकाळी पाहतात तर बादली लख्ख, पाणी नितळ, आणि आत एक टकली गोगलगाय आरामात फिरतेय. असली पाठ त्यांनी कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती.

"मी झोपण्याआधी पाणी बदललं हो तिचं," सासू म्हणाली. "जिवाला काय घाणीत ठेवायचं? आठवणीने मीठही घातलंय."

सासू इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. कोमट पाणी आणि मीठ, हे तिचं जगातल्या सगळ्या दुखण्यांवरचं औषध. घसा बसला, पाय दुखले, डाग पडला, कुणाचं भांडण झालं, तरी आधी कोमट पाणी. नव्या नवरीला मात्र हे अजून माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की सासरच्या माणसांत कुणीतरी पहिल्यांदा तिच्या कामाला हात लावला आणि नाक मुरडलं नाही. सासू आपल्या गोगलगायीसाठी थंडीत बाल्कनीत गेली, या एका गोष्टीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच भरात तिने ठरवलं की या नव्या प्रजातीला सासूचं नाव द्यायचं.

आता सासरचं आडनाव द्यावं, तर ते आधीच एका शेणकिड्याने पटकावलेलं. प्राण्यांच्या दुनियेत एक नाव दोघांना चालत नाही. मग सासूचं माहेरचं आडनाव पाहिलं, ते मोकळं होतं. त्याला लॅटिनची शेपटी जोडली, आणि ते छापून आलं.

छापलेलं पान सासूने उजेडात नेऊन अक्षर अक्षर वाचलं. तिच्या माहेरी चौघी बहिणी, भाऊ नाही. सगळ्या लग्न करून आडनावं बदलून पांगलेल्या, दोघी वारलेल्या. बापाचं घर पाडून तिथे गाड्या लावायची जागा झालेली. टेलिफोन डिरेक्टरीत तिने स्वतः शोधून पाहिलं होतं. त्या आडनावाचा एकही माणूस उरला नव्हता. "बाबांना दाखवायला हवं होतं," ती म्हणाली, आणि पान फ्रिजच्या दारावर लावून टाकलं.

पुढे मग तिने ताळतंत्रच सोडला. बसच्या थांब्यावर, दातांच्या डॉक्टरकडे, मासळीवाल्याकडे, जिथे उभी राहील तिथे, "समुद्रात माझ्या नावाचा प्राणी आहे." एकदा शेजारीण कुचकटपणे म्हणाली, "सुनेने सासूचं नाव गोगलगायीला दिलं? चांगला सूड घेतला म्हणायचा!"

"तुझ्या सुनेने तुझं नाव कशाला दिलंय?" सासूने विचारलं. "कुत्र्याला तरी?"

शेजारीण पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. सासू-सुनेचं इतर बाबतींत फार जमायचं असं नाही. भांडी कशी लावायची, खिडकी किती उघडायची, यावरून रोज ठिणग्या उडत. पण पाहुणे आले की म्हातारी सुनेला पुढे ढकलायची आणि म्हणायची, "हिने ठेवलं." तेवढ्या दोन शब्दांवर चिकटबाईंनी अनेक वर्षं काढली.

आणि मग संग्रहालयाला पाणी गार ठेवायचं यंत्र मिळालं.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना चिकटबाईंच्या वाट्याला ही चैन आली. मोठी काचेची टाकी, त्यात समुद्राचं पाणी, शेजारी घरघरणारं यंत्र. त्यांनी कोळ्यांकडून झिरमिळ्यांवाल्या गोगलगायी मागवल्या आणि टाकीत सोडल्या. जोडून सुट्या आल्या, यंत्राने नेमका तेव्हाच राम म्हटला, आणि तळघरातल्या बॉयलरने आपलं काम चोख केलं. सुटीनंतर चिकटबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आल्या. टाकीत हात घातला तर पाणी कोमट.

तळाशी झिरमिळ्यांचा सडा पडला होता. आणि त्या सड्यातून निवांत चालत होत्या टकल्या गोगलगायी. पाठी घासून पुसून गुळगुळीत. जगात एकच नमुना असलेली ती टकली, आणि इथे अख्खी टोळी.

चिकटबाईंनी आधी चष्मा पुसला. मग टाकीची काच पुसली. मग पुन्हा चष्मा. पुसण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्या स्टुलावर बसल्या. कोमट पाणी लागलं की ही बया झिरमिळ्या झाडून टाकते, एवढी साधी गोष्ट होती. त्यांना बाल्कनीतली लख्ख बादली आठवली, धुलाईखाना आठवला, आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. टकली नावाची प्रजाती कधी नव्हतीच. ती सासूने एका आंघोळीत तयार केली होती आणि सुनेने आभार मानून तिला सासूचंच नाव दिलं होतं!

तळघरात अजून कुणी आलं नव्हतं. त्यांनी झिरमिळ्या चहाच्या गाळणीने गोळा केल्या, एका बरणीत भरल्या आणि बरणी पर्समध्ये लपवली. टकल्यांना मागच्या छोट्या टाकीत हलवून वर कापड टाकलं. झिरमिळ्या परत उगवतात, हे त्यांना माहीत होतं. थोडे आठवडे मूग गिळून बसलं की पुरावा आपोआप केसाळ होऊन जाणार होता. बरणीतली जुनी टकली इतकी जुनाट औषधात बुडालेली की तिच्यातून डीएनए निघत नव्हता. म्हणजे सगळ्या जगात हे फक्त त्यांना ठाऊक, आणि त्या सांगणार नसतील तर कुणालाच कधी कळणार नव्हतं.

अडचण एकच होती, आणि ती समोरच्या टेबलावर बसून बिस्किटं खायची. डीएनएवाला. हा तरुण सहकारी गोगलगायींकडे बघतही नसे. चिमूटभर मांस कापून यंत्रात टाकायचा आणि संगणकावर वंशवृक्ष काढायचा. मुलगा हुशार, पण उंटावरचा शहाणा.

"मॅडम, मला सापडलंय," तो त्याच आठवड्यात म्हणाला. "टकली हीच मूळ! आधी सगळ्या टकल्याच असणार, झिरमिळ्या नंतर फुटल्या. तुमची टकली म्हणजे या सगळ्यांची पणजी. परिषदेत मी यावरच बोलतोय. माझी नोकरी पक्की करणारं भाषण आहे हे."

"डीएनए तर मिळाला नाही ना तिचा?"

"नाही मिळाला. पण पाठ बघा ना तिची! पाठ खोटं बोलते का?"

चिकटबाईंनी त्याच्या पुड्यातलं एक बिस्कीट घेतलं. आपली चूक आपल्याबरोबर निवृत्त झाली असती तर त्यांनी एखादे वेळी डोळेझाक केली असती. पण हा पोरगा तिच्यावर मजला चढवायला निघाला होता.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. वर आणि खाली यापलीकडे त्याने आयुष्यात तिसरी दिशा धरली नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पेपर लिहायचा तर लिही," तो म्हणाला. "आईला कशाला सांगतेस? ती थोडीच वाचणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर?"

"कुणाकडून कळेल? मासळीवाल्याकडून?" मग त्याला एकदम आठवलं की कुठल्याशा इमारतीची लिफ्ट अडकली आहे, आणि तो गेला. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की शहरातल्या लिफ्टा हमखास अडकत.

चिकटबाई आठवडाभर बरणी पर्समध्ये घेऊन हिंडल्या. फ्रिज उघडताना ते पिवळं पडलेलं पान दिसायचं आणि त्या दूध न घेताच दार लावायच्या. म्हातारी आता ऐंशीच्या पुढे गेलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे बोलणारे. तिच्या बापाच्या आडनावाची जगात एकच जागा उरली होती, आणि ती स्वतःच्या हाताने पुसायची! चिकटबाईंना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी विनाकारण एक कप फोडला.

शेवटी एका दुपारी म्हातारी उशीचे अभ्रे इस्त्री करत असताना त्या समोर जाऊन बसल्या.

"आई, ती बादली आठवते तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? माझीच ना ती बादली."

"तेव्हा पाणी बदललंत ते गार होतं की कोमट?"

"कोमट. गार पाण्यात मळ निघतो होय?" म्हातारीने अभ्रा उलटा केला. "आणि ते जनावर गारठून दगड झालं होतं गं. मला दया आली."

"पाण्यात काही तरंगत होतं का?"

"होतं की. चिंध्यांसारखं काहीतरी. गाळून टाकलं. घाणच होती ती."

चिकटबाईंनी पर्समधून बरणी काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. म्हातारीने ती नाकाला टेकेल इतकी जवळ धरली, उजेडाकडे फिरवली, हलवून पाहिली.

"ह्याच. तू कुठून आणल्यास?"

मग चिकटबाईंनी सगळं सांगितलं. यंत्र बंद पडलेलं, टाकीतल्या टकल्या, डीएनएवाल्याचं भाषण, काही वगळलं नाही. म्हातारी ऐकताना इस्त्री करतच राहिली. इस्त्री एकाच अभ्र्यावर चार वेळा फिरली.

"म्हणजे ती टकली नव्हती."

"नव्हती, आई."

"मी केली तिला टकली."

"हो."

"आणि माझं नाव?"

"नाव जाईल," चिकटबाई कशाबशा म्हणाल्या. "एकाच प्राण्याला दोन नावं दिली गेली असं आता ठरेल. तसं झालं की आधी दिलेलं नाव धरतात."

"त्या दाढीवाल्याचं."

"हो."

"दुसरं कितीही चांगलं असलं तरी?"

"तरी. आधी दिलेलं तेच खरं. नंतरचं त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहितात."

"सगळ्यांना हाच नियम? का आम्हा गरिबांनाच?"

"सगळ्यांना. किड्यापासून देवमाशापर्यंत."

म्हातारीने इस्त्री उभी करून ठेवली. चिकटबाई वाट बघत होत्या की आता ती बापाचं नाव काढेल, आता रडेल. पण ती बरणीकडेच बघत होती.

"दुखलं असेल का गं तिला?" तिने विचारलं. "मला वाटलं थंडी वाजतेय."

"नसेल फारसं. आणि त्या परत उगवतात, आई. थोड्या आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखी होते."

"मग तिच्या उगवल्या?"

"नाही."

"का?"

"मी तिला सकाळीच औषधात बुडवली. बरणीसाठी."

म्हातारीने मान वर केली. "म्हणजे मी आंघोळ घातली, आणि मारलीस तू. आणि नाव कुणाचं चाललंय? माझं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच!"

चिकटबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्यांतलं रडू जिंकलं. "मी नाही लिहीत आई," त्या हाताला लागलेल्या अभ्र्यातच डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणा, मी नाही लिहीत."

"तो इस्त्रीचा आहे, नाक पुसू नकोस त्याला." म्हातारी उठली आणि भिंतीला धरत खोलीच्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली. "तो बिस्किटवाला पोरगा माझ्या टकलीला सगळ्यांची पणजी करायला निघालाय ना?"

"हो."

"मग लिही. नाव मोठं, लक्षण खोटं. असलं नाव माझ्या बापाला नको."

तिने दार लावून घेतलं. ते तिने आपटलं असतं तर चिकटबाईंना बरं वाटलं असतं.

डीएनएवाल्याला सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला. मागच्या टाकीवरचं कापड काढून त्याने आयुष्यात पहिल्यांदा गोगलगाय नीट पाहिली. तिच्या पाठीवर बारीक बारीक कोंब फुटायला लागले होते.

"माझं भाषण?" तो म्हणाला.

"बदल. अजून वेळ आहे. हेच सांग ना त्यांना, हे जास्त मजेशीर आहे. आणि हसायचंच झालं तर लोक मला हसतील."

"तुम्हाला चालेल?"

"मला पहारेकरी ओळखत नाही, बाळ. माझं काय जाणार आहे?"

पण जे जायचं होतं ते घरून गेलं. चिकटबाईंचा पेपर छापून आला, छोटाच. घर राहिलं, एक खोली गेली. विद्वानांनी प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, म्हणजे तोंडावर केलं. देवमाशावाल्याने कँटीनमध्ये टकलीवर एक विनोद केला, त्याला सगळे हसले, चिकटबाईसुद्धा हसल्या, कारण विनोद बरा होता. आणि घरी म्हातारीने फ्रिजवरचं पान आपल्या हाताने काढलं. तिथे स्वच्छ पांढरा चौकोन उरला. ती सुनेशी बोलायची, पण खिडकी आणि भांडी यांपुरतं. बसच्या थांब्यावर ती आता नुसती बसची वाट बघायची. मासळीवाल्याने एकदा स्वतःहून विचारलं, "काय आजी, काय म्हणतोय तुमचा प्राणी?" तर ती मासळी न घेताच परत आली. भांडली असती तर चिकटबाईंनी दोन दिले दोन घेतले असते. या गप्प म्हातारीचं काय करायचं, हे त्यांना कुठल्या शास्त्राने शिकवलं नव्हतं.

मोतीबिंदू काढायचा दिवस आला. डोळ्यांच्या दवाखान्यात चिकटबाईंनी म्हातारीला खिडकीपाशी उभं केलं आणि दोघींचे कोट टांगायला त्या मागे गेल्या. परत येईपर्यंत म्हातारीने खिडकीवरच्या मुलीला नाव सांगून टाकलं होतं आणि भिंतीलगतच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती. शेजारी डोळ्याला पट्टी बांधून पेंगणारा एक म्हातारा, समोर एक बाई आणि तिची जांभया देणारी बहीण. चिकटबाई येऊन बसल्या.

खिडकीतल्या मुलीने एक आडनाव पुकारलं.

कुणी उठलं नाही. मुलीने मान उंचावून पुन्हा तेच पुकारलं. चिकटबाई गर्रकन खिडकीकडे वळल्या. हे आडनाव त्यांनी चिठ्ठीवर, बरणीवर, पेपरात इतक्या वेळा लिहिलं होतं, आणि अगदी परवा खोडलं होतं. पण कुणी ते असं मोठ्याने हाक मारल्यासारखं म्हणताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"ऊठ गं," म्हातारी म्हणाली. "मला बोलावतायत."

दोघी खिडकीपाशी गेल्या. मुलगी हातातलं कार्ड उलटसुलट करत होती. "आजी, तुम्ही सांगितलेलं आडनाव आणि कार्डावरचं वेगळं आहे."

"कार्डावरचं नंतरचं आहे."

"मग खरं कुठलं धरू?"

"आधी दिलेलं तेच खरं," म्हातारी म्हणाली. "नंतरचं त्याच्याखाली बारीक अक्षरात लिही. नियम आहे तसा, किड्यापासून देवमाशापर्यंत. माझ्यावर विश्वास नसेल तर हिला विचार. ही माझी सून. हिचं सगळं आयुष्य यातच गेलंय."

मुलीने चिकटबाईंकडे पाहिलं. म्हातारीनेही पाहिलं, म्हणजे त्यांचा आवाज जिकडून येईल असं तिला वाटलं तिकडे तोंड केलं. हनुवटी वर होती, आणि खिडकीची कड तिने घट्ट धरली होती.

"बरोबर आहे," चिकटबाई म्हणाल्या. "तसाच नियम आहे. तेच लिहा." आणि मग म्हणाल्या, "लिहून झालं की एकदा परत पुकाराल का? मघाशी आम्हाला नीट उठता आलं नाही."

मुलीला काही कळलं नाही, पण ती भल्या स्वभावाची होती. तिने लिहिलं आणि लिहिलेलं बघून मोठ्याने हाक मारली. म्हातारीने पाठ ताठ केली आणि पट्टीवाला म्हातारा दचकून जागा होईल असा खणखणीत ओ दिला.